भिंतीची ओल : निदान आधी, उपचार मागून

मृगाचे पहिले शिंतोडे पडले की आपल्याकडील प्रत्येक घरात आनंदाबरोबर एक चिंताही डोकावते. आगोट साठवून झालेली असते, लाकूडफाटा आडोशाला गेलेला असतो, कौले शाकारून झालेली असतात. आणि तरीही आषाढाच्या मध्यास माजघराच्या भिंतीवर एक काळसर डाग उमटतो. प्रारंभी तो तळहाताएवढा असतो. श्रावणात तो परातीएवढा होतो, रंगाला पोपडे सुटतात, कपाटामागे बुरशीचा कुबट वास येऊ लागतो आणि गणपतीच्या आगमनापूर्वी घरधनी घाईघाईने रंगाचा डबा आणून तो डाग झाकून टाकतो. पुढील वर्षी डाग पुन्हा येतो, आणि बहुधा पूर्वीपेक्षा मोठा होऊन येतो.

असे का होते? भिंतीची ओल हा रोग नसून रोगाचे लक्षण आहे. लक्षण झाकल्याने रोग बरा होत नाही, हे वैद्यकातील तत्त्व घराच्या भिंतीलाही तंतोतंत लागू पडते. प्रस्तुत लेखात गोमंतकातील चिऱ्याच्या व मातीच्या भिंतींना ओल का येते, तिचे मूळ कसे ओळखावे आणि कोणता उपाय कोणत्या क्रमाने करावा, याचा सर्वसामान्य गृहस्थाला उपयोगी पडेल असा विचार करावयाचा आहे.

चिऱ्याचा स्वभाव

कोणत्याही भिंतीवर उपचार करण्यापूर्वी ती कशाची बांधलेली आहे, हे जाणून घेणे अगत्याचे असते. आपल्या भागातील बहुसंख्य जुनी घरे जांभ्या दगडाची, म्हणजेच चिऱ्याची आहेत. या दगडाला शास्त्रीय परिभाषेत ‘लॅटेराइट’ असे म्हणतात. फ्रान्सिस बुकॅनन या अभ्यासकाने मलबारातील अंगाडिपुरम येथे हा दगड पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याला हे नाव दिले. लॅटिन भाषेतील ‘वीट’ या अर्थाच्या शब्दावरून ते घेतलेले आहे, आणि ते समर्पकही आहे. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो. तो कुऱ्हाडीने किंवा यंत्राच्या पात्याने विटेसारखा सहज कापता येतो आणि उघड्या हवेत राहिला की हळूहळू कठीण होत जातो.

लोह आणि ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांनी युक्त असलेला हा दगड दिसावयास भक्कम असला तरी त्याच्या अंगी असंख्य छिद्रे आणि पोकळ्या असतात. त्यामुळे तो पाणी शोषून घेतो, आणि संधी मिळाली की ते परत सोडूनही देतो. पाणी घेणे आणि पाणी सोडणे हा चिऱ्याचा श्वासोच्छ्वासच म्हणावयास हवा.

आपल्या पूर्वजांनी हा स्वभाव ओळखून घरे बांधली. किनारपट्टीवर वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी त्याहूनही अधिक पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात त्यांनी चौथरा उंच ठेवला, दीड-दोन फूट जाडीच्या भिंती उभारल्या, वळचण भिंतीपासून चांगली बाहेर काढली आणि भिंतीला चुन्याचा गिलावा केला. पावसाळ्याच्या तोंडावर पश्चिमेकडील भिंतीवर माडाच्या विणलेल्या झावळ्यांचा आडोसा बांधण्याची रीतही याच अनुभवातून आली. भिंत कधीच भिजू नये, असा त्यांचा आग्रह नव्हता. भिजलेली भिंत लवकर वाळावी, एवढीच व्यवस्था त्यांनी केली होती. हा भेद लक्षात घेतला म्हणजे पुढील सारे विवेचन सुलभ होईल.

ओल येण्याचे चार मार्ग

भिंतीत पाणी शिरण्याचे प्रमुख मार्ग चार आहेत. प्रत्येकाची खूण निराळी आणि उपायही निराळा.

पहिला मार्ग जमिनीतून वर येणारा. दिव्याची वात तेल वर ओढते, त्याच केशाकर्षणाच्या नियमाने चिरा, वीट आणि माती जमिनीतील पाणी वर ओढतात. या ओलीचा पट्टा जोत्यापासून सुरू होतो, बहुधा गुडघ्यापर्यंत आणि क्वचित कमरेपर्यंत चढतो आणि त्याची वरची कडा साधारणतः आडवी असते. त्या कडेशी पांढरी, पिठासारखी बुकटी दिसते. तिला आपण लोणा म्हणतो. जमिनीतील व बांधकामातील क्षार पाण्याबरोबर वर येतात, पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे उरतात. त्यांचे स्फटिक बनताना ते छिद्रांच्या भिंतींवर दाब देतात आणि गिलावा आतून सुटत जातो. म्हणूनच लोणा लागलेली भिंत हाताने चोळताच भुरभुरते.

दुसरा मार्ग वरून येणारा. सरकलेले वा तडकलेले कौल, आढ्यावरील फुटलेला गिलावा, पालापाचोळ्याने तुंबलेली पन्हळ, गच्चीचा चुकलेला उतार, ही त्याची नेहमीची ठाणी होत. या ओलीचा डाग भिंतीच्या माथ्याशी सुरू होऊन खाली ओघळतो आणि पाऊस पडल्यावर काही तासांतच गडद होतो.

तिसरा मार्ग बाजूने येणारा. नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येणारी झड पश्चिमेच्या व दक्षिणेच्या भिंतींवर आदळते. गिलाव्याला बारीक चिरा असतील, खिडकीच्या चौकटीभोवती फट असेल किंवा छज्जाच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच नसेल, तर पाणी आत शिरते. अशा ओलीचे डाग विखुरलेले असतात आणि विशेषतः खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांत आढळतात.

चौथा मार्ग घरातूनच निर्माण होणारा. पावसाळी हवा बाष्पाने भरलेली असते. त्यात स्वयंपाकाची वाफ, न्हाणीघराची वाफ आणि दोरीवर वाळत घातलेले कपडे यांची भर पडते. हे बाष्प गार भिंतीला लागले की त्याचे दव बनते. कपाटामागे, कोपऱ्यांत आणि वातानुकूलित खोलीला लागून असलेल्या भिंतीवर काळ्या ठिपक्यांची बुरशी दिसते, ती बहुधा या कारणाने.

याशिवाय नळाची गळती हे एक छुपे कारण असते. पावसाशी ज्या ओलीचा संबंध नाही, जी वैशाखातही हटत नाही, ती बहुधा भिंतीत पुरलेल्या नळाची असते. रात्री सर्व तोट्या बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा टिपून ठेवावा व सकाळी पुन्हा पाहावा. टाकी भरत नसताना आणि पाणी वापरले नसताना आकडा पुढे सरकला असेल, तर दोष कोठे आहे हे सांगावयास ज्योतिषी नको.

निदान कसे करावे

डाग दिसताच गवंड्याला बोलावण्यापूर्वी घरधन्याने स्वतः तीन गोष्टी कराव्यात. पहिली, डागाच्या कडेवर पेन्सिलीने रेघ ओढून शेजारी तारीख लिहावी. आठ-पंधरा दिवसांनी डाग कोणत्या दिशेने वाढला, हे त्यावरून कळते. दुसरी, जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. पन्हळीतून पाणी कोठे सांडते, पागोळ्या जोत्यापासून किती दूर पडतात, अंगणातील पाणी घराकडे वाहते की घरापासून दूर, हे भर पावसातच दिसते. उन्हाळ्यात कितीही बारकाईने पाहिले तरी दिसत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे एक साधा प्रयोग. हातरुमालाएवढा प्लॅस्टिकचा स्वच्छ पारदर्शक तुकडा घेऊन तो चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर घट्ट चिकटवावा आणि एक-दोन दिवस तसाच ठेवावा. तुकड्याच्या खोलीकडील अंगावर दव जमले, तर ओल हवेतील बाष्पाची आहे. भिंतीकडील अंगावर थेंब जमले, तर पाणी भिंतीच्या पोटातून येत आहे.

एवढ्याने निम्मे काम होते. अनेक घरांत आतल्या भिंतीवर रंगावर रंग चढत असतात आणि खरे कारण मात्र बाहेर तुंबलेल्या गटारात पडून असते. ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ या म्हणीची प्रचीती यावयास याहून चांगले उदाहरण शोधावे लागणार नाही.

नाक दाबले की तोंड उघडते

येथे एक घरगुती अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरणार नाही. फोंडा महालातील आमच्या वाडवडिलांच्या घरी एका लग्नकार्याच्या निमित्ताने माजघराचा जुना, ठिकठिकाणी खपली धरलेला चुन्याचा गिलावा काढून टाकण्यात आला आणि त्या जागी सिमेंटचा गुळगुळीत गिलावा करून वर तैलरंग देण्यात आला. त्याच सुमारास पाहुण्यांच्या सोयीसाठी परसात भर घालून फरशी बसविण्यात आली. लग्न थाटात पार पडले. घर नवे दिसू लागले आणि त्याचे श्रेय सर्वांनी आपापसांत वाटूनही घेतले.

तिसऱ्या पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या उंचीची जुनी ओल कमरेपर्यंत चढली. तैलरंगाला फोड आले. त्यावर ‘जलरोधक’ म्हणून विकत मिळणाऱ्या रंगाचे दोन हात दिले. ओल छातीपर्यंत गेली. माझी आई त्याच खोलीत निजत असे. तिचा जुना खोकला त्या वर्षी गणपतीपासून दिवाळीपर्यंत हटला नाही, तेव्हा मात्र आम्ही गावातील एका वृद्ध मेस्त्रींना बोलावून आणले.

मेस्त्रींनी भिंतीकडे पाहिलेच नाही. ते प्रथम परसात गेले आणि फरशीवर काठी टेकवून म्हणाले, “बाब, जोते कुठे आहे तुमचे?” जोते फरशीखाली गाडले गेले होते. बाहेरची जमीन आतल्या जमिनीहून चार बोटे उंच झाली होती. नंतर त्यांनी भिंतीवर थापीच्या दांड्याने ठोकून पाहिले. जागोजागी पोकळ आवाज आला. “खालून पाणी पाजलेत आणि वरून तिचे नाक दाबलेत. मग तिने तोंड उघडले, यात तिचा काय दोष?” एवढेच ते बोलले.

त्यांच्या त्या वाक्यात या विषयाचे सारे शास्त्र सामावलेले आहे. जमिनीतून वर चढणारे पाणी चुन्याच्या गिलाव्यातून वाफ होऊन निघून जात असे. म्हणून ओल गुडघ्याच्या वर जात नव्हती. सिमेंटच्या दाट गिलाव्याने आणि तैलरंगाने तो मार्ग बंद केला. पाणी मात्र येतच राहिले, आणि बाहेर पडावयास जागा शोधीत वर चढले. सिमेंट वाईट आहे, असा याचा अर्थ नव्हे. जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली पेटंट घेतलेल्या पोर्टलंड सिमेंटने बांधकामात केवढी क्रांती घडविली, हे सर्वश्रुत आहे. ओलरोधक थर घालून बांधलेल्या नव्या घराला सिमेंटचा गिलावा योग्यच असतो. परंतु ज्या भिंतीच्या पायात असा थरच नाही, त्या श्वास घेणाऱ्या जुन्या भिंतीला तो मानवत नाही.

आम्ही परसाची फरशी उखडून जमीन वीतभर खाली नेली, जोत्यालगत चर खणून पाण्याला बाहेर वाट दिली, सिमेंटचा गिलावा ओलीच्या रेघेच्या वर हातभर जाईपर्यंत उतरविला आणि एक उन्हाळा भिंत तशीच उघडी ठेवली. पाहुणे नाके मुरडीत. पुढील वर्षी चुन्याचा गिलावा केला. ओल संपूर्ण गेली असे म्हणता येणार नाही. श्रावणात जोत्यापाशी वीतभर पट्टा अजून दिसतो. पण तो तेथेच थांबतो आणि दसऱ्यापर्यंत वाळतो. आईचा खोकला कमी झाला, तो औषधाने की कोरड्या खोलीने, हे सांगणे कठीण. दोन्हींचा हातभार लागला असावा, असे आम्ही समजतो.

एक ऐतिहासिक धडा

गिलावा ही केवळ शोभा नाही, याचे मोठे उदाहरण जुने गोवे येथेच उभे आहे. बाँ जीझस बॅसिलिकेच्या बांधकामाला १५९४ मध्ये प्रारंभ झाला आणि १६०५ मध्ये तिचे समर्पण झाले. जुने गोवे येथील स्मारकांचा युनेस्कोने १९८६ साली जागतिक वारशात समावेश केला, त्यांत ही वास्तू आहे. आज ती तांबूस चिऱ्याच्या उघड्या भिंतींनी ओळखली जाते, आणि अनेकांना तेच तिचे मूळ रूप वाटते. वस्तुतः तिच्यावर पूर्वी गिलावा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास तो काढून टाकण्यात आला. तेव्हापासून चिरा पावसाच्या थेट माऱ्यात आहे आणि त्याची झीज होत आहे. म्हणून तो गिलावा पुन्हा करावा, अशी मागणी अलीकडील काळात झालेली आहे. गिलावा हा भिंतीचा अंगरखा आहे. तो भिंतीऐवजी झिजतो. भिंत शाबूत राहते. अंगरखा नवा शिवता येतो, अंग नवे आणता येत नाही.

उपचाराचा क्रम

एकदा कारण निश्चित झाले म्हणजे पुढील क्रमाने काम करावे. हा क्रम उलटा केल्यास पैसा व श्रम दोन्ही वाया जातात.

प्रथम, पाणी तोडावे. कौले व आढे दुरुस्त करावे, पन्हळी साफ कराव्यात, गटाराला वाट करून द्यावी आणि घराभोवतीची जमीन उतरती, घरापासून दूर पाणी नेणारी करावी. बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा किमान वीतभर खाली असावी. भिंतीला टेकवून ठेवलेले मातीचे ढीग, लाकडे, फुलझाडांचे वाफे हलवावेत. गच्ची असेल तर तिची निचऱ्याची तोंडे बंद करून दोन इंच पाणी एक-दोन दिवस साठवून पाहावे. खाली डाग उमटला, तर गच्चीचा कोबा व उतार तज्ज्ञाकडून दुरुस्त करून घ्यावा. गच्ची जुनी वा तडे गेलेली असल्यास हा प्रयोगही अभियंत्याच्या सल्ल्यानेच करावा. भिंतीत उगवलेली वड-पिंपळाची रोपे लहान असतानाच मुळासकट काढावीत.

दुसरे, भिंत वाळू द्यावी. येथेच माणसाचा धीर सुटतो. जाड बांधकाम वाळण्यास महिन्याला सुमारे एक इंच, असा एक सर्वसाधारण ठोकताळा आहे. पूर्ण भिजलेली दीड फुटी भिंत दोन्ही अंगांनी वाळू लागली तरी नऊ महिने सहज जातात. सुटलेला गिलावा काढून टाकला, कपाटे दूर केली आणि उघडीप असताना खिडक्या उघड्या ठेवल्या की वाळणे सुकर होते. मात्र झडीच्या दिवसांत खिडक्या उघडल्याने भिंत वाळत नाही. बाहेरची हवाच तेव्हा बाष्पाने भरलेली असते. विस्तव पेटवून किंवा तापक लावून भिंत घाईने वाळविण्याचा प्रयत्न करू नये, त्याने तडे जातात.

तिसरे, लोणा काढावा. कोरड्या, ताठ केसांच्या पण तारेच्या नसलेल्या ब्रशने तो झाडून कागदावर गोळा करावा व घराबाहेर नेऊन टाकावा. पुष्कळ जण भिंत पाण्याने धुतात. त्यामुळे क्षार पुन्हा विरघळून भिंतीतच परत जातात. एका झाडणीने काम भागत नाही. आठवड्या-पंधरवड्याने पुन्हा पुन्हा झाडावे लागते.

चौथे, चिऱ्यांच्या दरजा तपासाव्यात. भुसभुशीत झालेला जुना मालमसाला इंचभर खोल कोरून काढावा आणि चुना व वाळूच्या मिश्रणाने दरजा भराव्यात. दरजेतील मसाला चिऱ्याहून मऊ असावा, हा जुन्या गवंड्यांचा नियम अगदी शास्त्रशुद्ध आहे. दरज कठीण आणि दगड मऊ असेल, तर ओल दगडातून बाहेर पडते आणि झीजही दगडाचीच होते.

पाचवे आणि शेवटचे काम गिलाव्याचे व रंगाचे.

चुन्याचा गिलावा

शिंपले किंवा चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो. तो पाण्यात विरवला की प्रचंड उष्णता निर्माण होऊन पाणी उकळू लागते. हे काम मुलांपासून दूर, धातूच्या भांड्यात किंवा हौदात, डोळ्यांना चष्मा व हातांना मोजे घालूनच करावे. चुन्यात पाणी एकदम ओतण्याऐवजी पाण्यात चुना थोडा थोडा सोडावा. डोळ्यांत चुना गेल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने धूत राहून तत्काळ डॉक्टर गाठावा. विरवलेला चुना पाण्याखाली जितका अधिक मुरेल तितका तो लोण्यासारखा मऊ होतो. निदान दोन आठवडे, आणि शक्य असल्यास काही महिने तो मुरू द्यावा.

एक भाग चुना व तीन भाग वाळू हे प्रमाण सर्वसाधारणपणे चालते. वाळू गोड्या पाण्याची व धुतलेली असावी. खाडीची किंवा समुद्राची वाळू वापरणे म्हणजे मिठाचे बियाणे भिंतीत पेरण्यासारखेच होय. भिंतीवर प्रथम पाणी शिंपडून गिलाव्याचा पातळ थर द्यावा; एका थराची जाडी अर्ध्या इंचाहून अधिक नसावी. पहिला थर घट्ट झाल्यावर त्यावर खरवडून रेघा काढाव्यात व आठवडाभराने दुसरा थर द्यावा. चुना हवेतील कर्बद्विप्राणिल वायू शोषून पुन्हा दगड होत जातो, आणि ही क्रिया सावकाश चालते. म्हणून चुन्याचे काम कार्तिकात सुरू करून फाल्गुनापर्यंत संपवावे. म्हणजे पावसापूर्वी त्याला दोन-तीन महिने मिळतात. मधल्या काळात कडक उन्हापासून गोणपाटाने त्याचा बचाव करून वरचेवर पाण्याचा शिडकावा करीत राहावा.

लोणा जुना असेल, तर पहिला गिलावा काही वर्षांत खराब होण्याची शक्यता असते. त्याने खचून जाऊ नये. भिंतीतील क्षार त्या गिलाव्याने आपल्या अंगावर घेतलेले असतात. तो उतरवून नवा केला की भिंत अधिक स्वच्छ झालेली आढळते.

रंग म्हणून चुन्याची सफेदीच उत्तम. तिचे तीन-चार पातळ हात द्यावेत. सफेदी अंगाला लागू नये म्हणून तिच्यात मीठ घालण्याची एक जुनी चाल आहे. ओल असलेल्या भिंतीसाठी ती सर्वस्वी वर्ज्य समजावी, कारण मीठ हवेतील ओलावा ओढून घेते. त्याऐवजी थोडा डिंक वा सरस घालावा.

आरोग्य आणि सुरक्षितता

बुरशीचे सूक्ष्म बीजकण हवेत मिसळून श्वासावाटे शरीरात जातात. दम्याचे रुग्ण, लहान मुले आणि वृद्ध यांना त्यांचा विशेष त्रास होतो. म्हणून ओल असलेल्या खोलीत पाळणा किंवा आजाऱ्याचा पलंग ठेवू नये. बुरशी कोरडी खरवडू नये. नाकातोंडाला फडके वा मुखपट्टी बांधून, साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने ती पुसून काढावी आणि ते फडके टाकून द्यावे. ब्लीचिंग पावडरचे द्रावण वापरावयाचे असल्यास ते संडास धुण्याच्या आम्लात किंवा अमोनियायुक्त द्रवात कधीही मिसळू नये. त्यातून विषारी वायू निघतो. कपाटे व भिंत यांत चार बोटे अंतर ठेवल्यास हवा खेळती राहते आणि बुरशीला थारा मिळत नाही.

जुन्या घरातील तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. असा रंग कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये. पाण्याने भिजवून खरवडावा, आणि त्या वेळी मुलांना व गर्भवती स्त्रियांना घराबाहेर ठेवावे.

सर्वांत मोठा धोका विजेचा. ओल्या भिंतीतील बटणफळीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटले, भिंतीला झिणझिणी जाणवली किंवा फळीतून चरचर आवाज आला, तर त्या भागाला स्पर्श न करता मुख्य कळ बंद करावी. मुख्य कळच ओल्या भिंतीवर असेल, तर तिला हात न लावता वीज खात्याला कळवावे. परवानाधारक तारतंत्र्याने तपासल्याशिवाय पुरवठा पुन्हा सुरू करू नये.

मातीच्या भिंती : जीविताचा प्रश्न

चिऱ्याच्या भिंतीची ओल आरोग्य व पैसा यांचा प्रश्न असते. मातीच्या भिंतीची ओल मात्र प्राणांचा प्रश्न असू शकते. जुलै २०२१ मध्ये म्हादईला आलेल्या महापुरात सत्तरी तालुक्यातील अनेक घरांत पाणी शिरले आणि मातीच्या भिंतींची घरे कोसळली. मातीची भिंत कोरडी असेपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. परंतु तिच्या पायथ्याशी पाणी साचले की माती मऊ होते आणि वरच्या भाराखाली भिंत एकाएकी बसते. पाऊस थांबल्यावर, पूर ओसरल्यावरही भिंती पडतात, हे विशेष ध्यानात ठेवावे.

पुढील खुणांपैकी एकही दिसली, तरी त्या भिंतीच्या कुशीत रात्र काढू नये : भिंतीला पोट सुटणे, कोपऱ्यात वरपासून खालपर्यंत रुंदावत जाणारी चीर, पायथ्याशी गळून पडलेल्या मातीची नवी रास, एरव्ही सहज लागणारे दार अकस्मात अडकू लागणे, तुळईचे टोक भिंतीतून सरकलेले दिसणे. अशा वेळी घरातील माणसे, विशेषतः भिंतीलगत निजणारी मुले व वृद्ध, तत्काळ दुसरीकडे हलवावीत. सामानाचा मोह धरू नये. तातडीच्या मदतीसाठी ११२ या क्रमांकावर कळवावे. पडझड झाल्यास ढिगारा उपसण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत आणि पंचनाम्यासाठी तलाठ्यास अथवा मामलेदार कार्यालयास विनाविलंब कळवावे. मोठी दुरुस्ती हाती घेण्यापूर्वी ग्रामपंचायतीकडे वा नगरपालिकेकडे परवान्याची चौकशी करून घेणे हितावह.

वर्षाचा नेम

भिंतीची निगा हे एक दिवसाचे काम नसून वर्षाचा नेम आहे. दसऱ्यानंतर भिंती पाहून ओलीची रेघ आखावी. कार्तिक ते फाल्गुन या काळात गिलावा व दरजांची कामे उरकावीत. चैत्रात सफेदी द्यावी. वैशाखात कौले शाकारावीत, पन्हळी व गटारे साफ करावीत, झडीच्या बाजूला आडोसा बांधावा. आषाढात छत्री घेऊन घराभोवती फेरी मारावी. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. पाऊस लागल्यावर कौलावर चढू नये, एवढी पुष्टी त्याला जोडावयास हरकत नाही.

वर सांगितलेल्या कामांतील बहुतेक कामे कुदळ, ब्रश आणि थोडा धीर एवढ्यावर होणारी आहेत. परसातील माती वीतभर खाली ओढणे किंवा पन्हळीतील पाने काढणे यांना फारसा खर्च येत नाही, आणि निम्म्याहून अधिक घरांतील ओल एवढ्यानेही मागे हटावी. तेव्हा यंदा भिंतीवर डाग उमटला, तर रंगाच्या दुकानाची वाट धरण्यापूर्वी वाचकांनी एकदा घराच्या मागील अंगाला जावे आणि पाणी कोठून येते आहे, ते पाहावे.